जुलैत राहून बघा: कोकणातलं बंद घर कायमचं उघडण्याआधी

मे महिन्यात कोकणातलं कुठलंही घर आवडतं. भावंडं जमलेली असतात, फणस पिकलेला असतो, रस्ता सुका असतो. तेच घर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बघा. चार-चार दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, रेंज येऊन-जाऊन, आणि शेजारच्या तीन घरांना कुलूप. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गात ३,००० च्या आसपास किंवा वर. मुंबई-पुण्याची सवय झालेल्या माणसाला गाव मानवेल की नाही, हे याच पाण्यात कळतं. तेव्हा १ जुलै ते १५ ऑगस्ट असे सहा आठवडे तिथे राहायचं आणि मगच ठरवायचं. गणपतीचे दिवस यात धरू नका. तेव्हा घर मेसारखंच भरतं.

पण बंद घरात जुलैत एकदम जाऊन राहता येत नाही. फेब्रुवारीत कागद, एप्रिलमध्ये छप्पर, मेच्या मध्यावर विहीर, असा क्रम ठेवा.

कागद आधी, खर्च नंतर

महाभूमी या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सात-बारा १५ रुपयांत मिळतो. त्यावर बहुधा आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव निघेल, नाहीतर सामाईकात वीस-पंचवीस नावं. मयत खातेदाराच्या वारसांची नोंद झाली नसेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. हे कागदावर झालं. प्रत्यक्षात एका चुलत्याची मुलं दुबईत, दुसऱ्याची बोलतच नाहीत, यात महिने जातात. सुरुवात फेब्रुवारीत करायची ती याचसाठी.

घराचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, वेगळा काढा. त्यावर तुमच्या वडिलांचं नाव आहे एवढ्याने घर तुमचं होत नाही. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. हिस्सेदार असतील तर दुरुस्तीला त्यांची लेखी संमती घ्या आणि कोणी किती पैसे घातले ते त्याच कागदावर लिहा. छपरावर तीन लाख घालून झाल्यावर "आमची खोली कुठली?" हा प्रश्न येतोच.

छप्पर

बंद घराचं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालेलं असतं. एप्रिलमध्ये टळटळीत दुपारी आत जा, दारं-खिडक्या लावून घ्या आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं थांबा. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार. त्याच्या खालच्या वाशावर खडूने खूण करा. मग टॉर्च घेऊन वासे बघा. भिंतीवर टेकलेलं टोक आणि पागोळीकडचं टोक आधी कुजतं. स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर तो वासा बदलायचाच. ठोकल्यावर पोकळ वाजला तर वाळवी आतून खाऊन गेलेली असते, वरून रंग कितीही छान असो.

गळतीची कारणं चार. कौल फुटलेलं असतं. माकडांनी सरकवलेलं असतं. रीप, म्हणजे कौलं जिच्यावर बसतात ती लाकडी पट्टी, वाकून दोन कौलांची मिठी सुटलेली असते. किंवा दोन छपरं मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीत पाला तुंबलेला असतो. पहिली दोन दिवसभरात निघतात. तिसऱ्यात रिपा बदलल्याशिवाय नुसती कौलं परतून उपयोग नाही, पुढच्या पावसात तीच जागा गळते. चौथ्याला फक्त हात घालून पाला काढायचा असतो, आणि तेवढंच कोणी करत नाही.

मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. नवी आणण्याआधी एक जुनं कौल उलटं करून बघा. पाठीमागे कारखान्याचा शिक्का असतो. दोन कारखान्यांचे साचे एकमेकांत नीट बसत नाहीत. अर्धा सुताचा फरकही जोरदार वाऱ्याच्या पावसाला पुरतो. त्याच शिक्क्याची कौलं गावात पडलेल्या एखाद्या मांगराची (शेतावरच्या खोपटाची) मिळाली तर पन्नास जास्तीची घेऊन गोठ्यात रचून ठेवा. छपरावर चढणाऱ्याने पाय कौलाच्या मध्यावर नाही, खाली रीप येईल तिथे ठेवायचा. नवशिक्या मजूर दहा कौलं बदलायला चढतो आणि पंधरा फोडून उतरतो.

माकडांचा फारच त्रास असेल तर कौलं काढून पत्रा घालायचा मोह होतो. घाला, पण पावसाचा आवाज एवढा होतो की खाली फोनवर बोलता येत नाही, आणि मेमध्ये माजघर तापतं. घरून ऑफिसचं काम करणार असाल तर निदान त्या खोलीवर कौलं राहू द्या.

वाळवीच्या मातीच्या रेघा भिंतीवर दिसल्या तर नुसत्या खरवडून काही होत नाही. जमिनीत औषध घालावं लागतं. ते जाणकाराकडूनच करून घ्या आणि घराला लागून विहीर असेल तर त्याला आधी सांगा. औषध झिरपून पाण्यात उतरतं.

विहीर

मेच्या मध्यावर पाणी सर्वांत खाली असतं, तेव्हा उपसा करून गाळ काढा. वर्षानुवर्षं न वापरलेल्या विहिरीत थेट माणूस उतरवू नका. आधी पाणी ढवळा, झाकण किंवा फांद्या काढून दिवसभर हवा खेळू द्या, पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडा. विझला तर उतरायचं नाही. न विझला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीत. डिझेलचा पंप विहिरीच्या आत ठेवून चालवायचा नाही. त्याच्या धुराने माणसं गेली आहेत.

पाणी भरलं की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. मापं मीटरमध्ये घ्या: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, हे झाले लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने सुमारे १४० ग्रॅम पावडर लागते. आधी थोड्या पाण्यात पेस्ट करा, दोन बादल्यांत वाटून पाणी घाला, दहा मिनिटं ठेवा. चुना तळाला बसतो. फक्त वरचं निवळ विहिरीत सोडा आणि बादली खालीवर करून ढवळा. चुना आत गेला तर पाणी जड होतं. संध्याकाळी टाकलं की सकाळी वापरता येतं. तासाभराच्या आत पिऊ नका. पावडरीला झणझणीत वास येत नसेल तर ती दमट होऊन मेलेली आहे, टाकून द्या.

संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. जांभ्यात भेगा असतात, त्यामुळे ५० पेक्षा जास्त मिळत असतील तर सोडू नका.

वीज आणि नेट

मीटर काढून नेला असेल तर थकबाकी भरून नवा अर्ज करावा लागतो. याला मे उजाडू देऊ नका. आर्थिंग नव्याने करून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. ओल्या भिंतीत ४० वर्षांपूर्वीची वायर असते, हे विसरू नका.

इन्व्हर्टरचा हिशेब सोपा आहे. १५० एएचच्या बॅटरीतून व्यवहारात १,३०० वॉट-अवर धरा. जुने दोन पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून २०० वॉटच्या आसपास, म्हणजे साडेसहा तास. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणारे) घेतले तर तेच बारा तास. लाइट गेल्यावर काही तासांत मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही संपते, म्हणून नेट बघायचं ते लाइट गेल्यावर चौथ्या तासाला. गडगडायला लागलं की राउटरची पिन काढा.

सहा आठवड्यांत काय लिहायचं

एक वही ठेवा. रोज लाइट किती तास गेली, रेंज कधी नव्हती, कुठे गळलं, बाजारात किती खेपा झाल्या. घरात दोघं असाल तर दोघांनी वेगळ्या वह्या लिहा. "मला इथे शांत वाटतं" हे वाक्य बऱ्याचदा त्या माणसाचं असतं ज्याला ओल्या लाकडावर पाणी तापवावं लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात एकदा रात्री दहानंतर ग्रामीण रुग्णालयापर्यंत गाडीने जाऊन या आणि घड्याळ लावा. सर्पदंशावरचं प्रतिविष (लोक त्याला लस म्हणतात) कुठे असतं ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. चिऱ्यांच्या ढिगात आणि गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, फुरसं हा विषारी साप असतो; टॉर्च आणि बूट नसताना परसात जाऊ नका. चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, १०८ लावून किंवा मिळेल त्या गाडीने निघायचं. ज्यांना डायलिसिस किंवा सारख्या तपासण्या लागतात त्यांनी वहीची वाट न बघता शहरातच राहावं.

ठरलं तरी शहरातला फ्लॅट पहिल्या वर्षी विकू नका. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर द्या. रेशनकार्ड आणि मतदान दुसऱ्या पावसाळ्यानंतर हलवा.

आणि जमणार नाही असं ठरलं तर घर नीट बंद करून निघा. मेन स्विच बंद, गाद्या दोरीवर टांगलेल्या, कपाटं भिंतीपासून चार बोटं दूर, संडासाच्या भांड्यात वाटीभर गोडंतेल, म्हणजे पाणी आटून वास वर येत नाही. किल्ली शेजाऱ्याकडे द्या, आणि फुकट नको, दर महिन्याला पैसे ठरवून: पंधरा दिवसांनी दारं उघडायची, पन्हळीतला पाला काढायचा आणि तासभर चूल पेटवायची. धूर लागत राहिला की वाशांना कीड कमी लागते.