ब्राउझर पडतो तेव्हा आधी बघा, कोण पडतंय

"टीचर, परत गेलो!"

नववीचा तास, जून महिना, पत्र्यावर पाऊस असा की माझंच बोलणं मला ऐकू येत नव्हतं. गेला होता तो फायरफॉक्स, आमचा ब्राउझर. आधी खिडकीजवळच्या पीसीवर, मग मधल्या रांगेत दोन ठिकाणी आणि पाच मिनिटांत अख्ख्या लॅबमध्ये. गोव्यात वाळपईच्या पुढे एका हायस्कुलात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. हुद्दा लॅब असिस्टंटचा, पोरं टीचर म्हणतात, आणि स्टाफरूममध्ये एकदोघांना ते खुपतं. असो. सोळा पीसी, एक सर्व्हर, भिंतीवर एक नेटवर्क स्विच (पीसी आणि सर्व्हर एकमेकांना जोडणारी पेटी), एवढा माझा संसार.

आमच्याकडे म्हापशाहून एक टेक्निशियन येतो. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध: "फॉरमॅट मारूया." आम्ही मारला. तीनदा मारला. प्रत्येक वेळी चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी परत "गेलो". तेव्हा मी फॉरमॅट बंद केला आणि एक वही घेतली. शाळेची, लायब्ररीची, पंचायतीची, कुठलीही जोडलेली यंत्रं तुमच्याकडे असतील तर तुम्हीही आधी वही घ्या.

वहीत चारच गोष्टी लिहायच्या: पीसीचा नंबर, लॉगिन कोणाचं होतं, किती वाजले, पडताना काय उघडलं होतं. आठवडाभर लिहा आणि मग पानावर नजर टाका. घरच्या एकट्या पीसीवर हा प्रश्न येत नाही, पण जोडलेल्या यंत्रांवर सगळं यावरच ठरतं: दोष यंत्रापाशी बसून राहतो, माणसाबरोबर फिरतो, की सगळ्यांना एकदम गाठतो? कुठल्याही पोरानं बसलं तरी नऊ नंबरच पडतो, तर नऊ नंबरमध्ये बिघाड आहे. एकच लॉगिन कुठल्याही पीसीवर पडतं, तर त्या लॉगिनचं सामान बिघडलंय. आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळेच पडले, तर पीसी उघडूच नका, भिंतीकडे बघा.

आधी एक खात्री करून घ्या, की ब्राउझर खरंच पडतोय. पोरं नेट गेलं तरी "पडला" म्हणतात, पान फिरत राहिलं तरी "पडला". क्रोममध्ये डायनोसॉर दिसला की नेट नाही, ब्राउझर ठणठणीत आहे. एकच टॅब मेला आणि बाकीचे चालू राहिले, तर बहुधा ते पान जड आहे किंवा मेमरी कमी पडतेय. आमच्या जुन्या पीसींत ४ जीबी रॅम आहे. त्यावर वीस टॅब म्हणजे ॲक्टिव्हावर पाच जणं. खिडकी अख्खी नाहीशी झाली तरच वहीत लिहायचं.

आमच्या वहीत नववीचं लॉगिन जिकडे तिकडे दिसत होतं. दहावीला काही नाही, आठवीला क्वचित, नववी मात्र रोज. कारण शोधायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. दहावीच्या पोरांना प्रत्येकी वेगळं लॉगिन होतं. नववीचे पासवर्ड विसरतात म्हणून कोणीतरी सगळ्या वर्गाला एकच लॉगिन करून दिलं होतं. ते कोणीतरी म्हणजे मीच.

आता आत काय होत होतं ते सांगते. फायरफॉक्स तुमचे बुकमार्क, हिस्टरी, कुकीज, सेटिंग हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवतो, त्याला प्रोफाइल म्हणतात. विंडोजमध्ये हे फोल्डर 'ॲपडेटा'च्या 'रोमिंग' भागात असतं, आणि जोडलेल्या यंत्रांवर नेमका हाच भाग पुष्कळदा सर्व्हरवर ठेवलेला असतो, म्हणजे माणूस कुठल्याही पीसीवर बसला तरी त्याचं सामान त्याच्यासमोर यावं. सोय चांगली आहे. पण त्या फोल्डरमध्ये साध्या फाइली नसतात, एसक्यूलाइटचे छोटे डेटाबेस असतात, आणि ते एका वेळी एकाच ब्राउझरनं वापरावेत अशी अपेक्षा असते. एसक्यूलाइट बनवणारे स्वतःच सांगतात की नेटवर्कवरच्या फाइलींची कुलपं भरवशाची नसतात. इथे तर एकाच प्रोफाइलवर सोळा पोरं एकदम चढत होती.

खरं तर फायरफॉक्स ते होऊ देत नाही. पहिला आत शिरला की प्रोफाइलमध्ये 'पेरेंट डॉट लॉक' नावाची फाइल धरून बसतो. कदंबच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं. दुसऱ्याला "फायरफॉक्स आधीच चालू आहे" असा निरोप मिळतो. पण सर्व्हरशी संबंध क्षणभर तुटला की सर्व्हरच्या हिशेबी रुमाल उडाला, आणि मागचा पोरगा येऊन बसला. पहिला अजून तिथेच आहे. दोघं एकाच डेटाबेसमध्ये लिहायला लागले की तो बिघडतो, आणि त्यानंतर त्या लॉगिननं जो उघडेल त्याचा फायरफॉक्स पडतो. फॉरमॅट मारून काय होणार? बिघडलेलं प्रोफाइल सर्व्हरवर सुखरूप होतं. चार दिवस बरे जात ते फॉरमॅटमुळे नव्हे. तो टेक्निशियन शेवटी लॉगिनचं फोल्डरही साफ करून जायचा, ते मला फार उशिरा कळलं.

इंटरनेटवर सगळीकडे सल्ला मिळतो, की ती लॉक फाइल उडवा. एकट्या पीसीवर, ब्राउझर बंद असताना, ठीक आहे. जोडलेल्या यंत्रांवर आधी ती काय सांगतेय ते ऐका. बहुतेक वेळा खरंच आत कोणीतरी असतं.

तुमच्याकडे हाच घोळ आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. त्या लॉगिननं बसा, फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाऊट', मग कोलन, मग 'प्रोफाइल्स' असं जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. 'रूट डिरेक्टरी'समोर प्रोफाइलचा पत्ता दिसेल. तो सी ड्राइव्हनं सुरू होत असेल तर प्रोफाइल निदान या घडीला याच पीसीवर आहे. दोन उलट्या तिरक्या रेघांनी किंवा सर्व्हरच्या ड्राइव्हच्या अक्षरानं सुरू होत असेल, तर मनात शंकेची पाल चुकचुकू द्या.

खरा उपाय म्हणजे ज्याचं त्याला वेगळं लॉगिन. ते लगेच जमणार नसेल तर मी केलं ते करा. आधी बुकमार्क मॅनेजरमधून बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये काढून घ्या. नंतर प्रत्येक पीसीच्या डी ड्राइव्हवर एकाच नावाचं रिकामं फोल्डर करा आणि त्यात पोरांना लिहायची परवानगी आहे ना ते बघा. मग फायरफॉक्सच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट'च्या ओळीत शेवटी एक जागा सोडून, एक आडवी रेघ आणि तिला चिकटून 'प्रोफाइल' हा शब्द इंग्रजीत, परत एक जागा आणि अवतरणचिन्हांत त्या फोल्डरचा पत्ता. आता प्रत्येक पीसीचा फायरफॉक्स आपल्याच डिस्कवर लिहितो. टास्कबारवरचा जुना आयकॉन मात्र काढून टाका, तो अजूनही सर्व्हरवरचंच प्रोफाइल उघडतो. मी विसरले होते. दोन दिवस डोकं धरून बसले.

क्रोमचं सामान 'ॲपडेटा'च्या 'लोकल' भागात असतं, तो भाग सहसा सर्व्हरवर जात नाही. म्हणून आमच्याकडे क्रोम या भानगडीतून वाचला आणि पोरांनी जाहीर केलं की फायरफॉक्स वाईट. चूक माझी, नाव फायरफॉक्सचं.

लॉगिनबरोबर फिरणारं आणखी एक कारण म्हणजे जागा संपणं. गणपतीच्या चवथीनंतर आठवीचं लॉगिन एकाएकी पडायला लागलं. प्रोफाइल ठीक, लॉक ठीक. सर्व्हरवर बघते तर त्या लॉगिनला दिलेली जागा काठोकाठ भरलेली. पोरांनी घरोघरच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं टांगून सजवतात त्याचे, व्हिडिओ आणून टाकले होते, प्रोजेक्टसाठी. नारळ, सुपाऱ्या, कांगलां, सगळं एचडीमध्ये. डेटाबेसला लिहायला जागाच उरली नाही तर ब्राउझर काय करणार? व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवले, आठवी बरी झाली. माटोळ्या मात्र सुंदर होत्या.

आता सगळे एकदम पडतात ते. त्या जूनच्या दिवशी तेच झालं होतं. आमच्याकडे पावसात लाइट जाते, येते, परत जाते. कधी नुसती डोळा मिचकावते. पीसींना युपीएस होते, सर्व्हरलाही होता. भिंतीवरच्या स्विचला नव्हता. लाइटनं डोळा मिचकावला की पीसी चालू, सर्व्हर चालू, पण मधला पूल गायब, आणि स्विच परत उभा राहीपर्यंत कोणाचं सर्व्हरवरचं प्रोफाइल जाग्यावर नाही. म्हणजे रुमाल उडवणारा हाच होता. मी आधी त्या स्विचमागे राहणाऱ्या पालीवर संशय घेतला होता (फायरफॉक्सच्या इंजिनाचं नाव गेको आहे, गेको म्हणजे पालच, म्हणून मला तो शकुन वाटला असावा). पाल निर्दोष सुटली. एक छोटा युपीएस स्विचला लावला आणि सगळे एकदम पडणं थांबलं. तुम्ही लॅबला युपीएस मागाल तेव्हा स्विच आणि राउटर त्या यादीत लिहा. तिथे कोणी बसत नाही म्हणून तो कोणालाच आठवत नाही.

याच जातीची आणखी एक खोड: घंटा झाली की पोरं लॉग आउट करतात आणि मागून कोणीतरी मेन स्विच खाली ओढतो. जिथे लॉगिनचं सामान पीसीवर उतरवून वापरतात (त्याला रोमिंग प्रोफाइल म्हणतात), तिथे ते लॉग आउट होताना परत सर्व्हरवर लिहिलं जातं. अर्धंच लिहिलं गेलं तर उद्या ब्राउझर पडतो आणि आज काय झालं ते कोणाला आठवत नाही. मेन स्विचवर मी चिठ्ठी लावलीय. शिपाई काका ती वाचून मगच ओढतात.

एकच यंत्र पडत असेल तर काम सोपं, पण हात काळे होतात. विंडोजच्या शोधात इंग्रजीत 'रिलायबिलिटी' लिहा आणि रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. दिवसांच्या तक्त्यात लाल फुल्या दिसतील. फुलीवर जाऊन तपशील उघडला की 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' अशी ओळ सापडते, म्हणजे पडताना कोणाची फाइल चालली होती. ब्राउझरच्या नावानं शिव्या घालण्याआधी ही ओळ वाचा. नाव 'आयजी' या अक्षरांनी सुरू होत असेल तर बहुधा इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र दाखवणारा भाग चालवणारा प्रोग्राम), 'एनव्ही'नं असेल तर एनव्हिडियाचा. अँटिव्हायरसची फाइलही दिसते कधीकधी, ते ब्राउझरच्या पोटात शिरून बसतात. 'एनटीडीएलएल' दिसलं तर त्यावरून काही ठरवू नका, ती विंडोजची स्वतःची फाइल आहे आणि दुसऱ्याच्या पापासाठी सारखी पकडली जाते.

ग्राफिक्सचा संशय असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्रांचं काम ग्राफिक्सच्या भागावर सोपवणं) बंद करून एक दिवस चालवा. फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून धरून उघडलं की ट्रबलशूट मोड येतो. त्यात एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम), थीम आणि ॲक्सिलरेशन तिन्ही बंद असतात. तिथे टिकला तर दोषी बहुधा या तिघांत आहे. क्रोमला असा मोड नाही, त्याची गेस्ट विंडो उघडून बघा.

सात नंबरवर मात्र प्रत्येक वेळी वेगळीच फाइल यायची. कधी क्रोम, कधी फायरफॉक्स, एकदा पेंटसुद्धा. असं दिसलं की रॅम तपासा. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर नको, जेवणाच्या सुट्टीत लावलं तरी पुरतं. त्यानं चुका दाखवल्या. तो पीसी खिडकीखालचा. प्लग काढला, रॅमची पट्टी बाहेर घेतली, सोनेरी दातांवर खोडरबर हळूच फिरवला, भुकटी फुंकून पट्टी खाचेत टक् आवाज येईपर्यंत बसवली. पुन्हा तपासलं तर चुका नाहीत. मग त्याची जागाही बदलली.

जुन्या विंडोजवर फार वेळ घालवू नका. विंडोज ७ वर चालणारा शेवटचा क्रोम १०९, २०२३च्या सुरुवातीचा. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती त्यावर चालते, त्यापुढची नाही. आजची पानं त्या क्रोमवर अडखळणारच.

परवा म्हापशाला फोन केला. म्हटलं, नऊ नंबर, फक्त नऊ नंबर, कोणतंही लॉगिन, दोन्ही ब्राउझर, व्हिडिओ लावला की पडतो, फाइल 'आयजी'ची, ॲक्सिलरेशन बंद केलं की टिकतो. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "टीचर, फॉरमॅट मारूया?"

"ड्रायव्हर घेऊन या," म्हटलं, "पेनड्राइव्हवर."