पायलोप्लास्टी शिकायला आलेल्या नव्या रेसिडेंटसाठी

बालशल्यचिकित्सेत आलो तेव्हा पायलोप्लास्टी, म्हणजे किडनीतून मूत्रवाहिनी सुरू होते तिथला अडथळा काढायचं ऑपरेशन, हे निव्वळ बारीक टाक्यांचं काम, एवढीच माझी समजूत होती. ते टाके हात बसला की जमतात. हे ऑपरेशन करायचं की थांबायचं, हे ठरवायला मला जास्त वेळ लागला.

पोटातल्या बाळाची किडनी फुगलेली दिसली की आईवडील घाबरून येतात. नवा डॉक्टर त्यांच्याहून जास्त घाबरतो. यातली बरीच बाळं ऑपरेशनशिवाय सुधारतात. जन्मानंतर पहिले ४८ तास लघवी कमी तयार होते, त्यामुळे तेव्हाच्या सोनोग्राफीत सूज आहे त्यापेक्षा कमी दिसते. मुलग्याच्या मूत्रमार्गात झडप असल्याची शंका असेल, तर मात्र वाट पाहू नका.

एकदा राउंडला मी रेनोग्रामचा (किडनीचं काम आणि लघवीचा निचरा दाखवणाऱ्या स्कॅनचा) रिपोर्ट वाचून ठासून सांगितलं, "पीयूजे ऑब्स्ट्रक्शन." म्हणजे पेल्व्हिस (किडनीतली लघवी जमायची पिशवी) आणि मूत्रवाहिनी यांच्या जोडावर अडथळा. सरांनी विचारलं, "स्कॅनच्या वेळी मूत्राशय रिकामं होतं का रे?" मी गप्प. मूत्राशय भरलेलं असेल किंवा बाळाला पुरेसं पाणी मिळालेलं नसेल, तर लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड देऊनही स्कॅनसाठी टोचलेलं किरणोत्सर्गी औषध पेल्व्हिसमधून खाली सरकत नाही, आणि अडथळा नसताना तो असल्यासारखा आलेख येतो. तेव्हापासून मी रिपोर्टच्या आधी आलेख बघतो. निचऱ्याचा अर्धा काळ (निम्मं औषध खाली जायला लागणारा वेळ) २० मिनिटांच्या वर गेला, एवढ्यावर सुरी उचलायची नसते. दोन्ही किडन्यांच्या एकूण कामातला त्या किडनीचा वाटा ४० टक्क्यांखाली आहे का, पुढच्या स्कॅनमध्ये घसरतंय का, सूज वाढतेय का, हे एकत्र बघायचं.

ऑपरेशन आजही मुख्यतः अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ मध्ये मांडलेलंच. अरुंद तुकडा काढायचा, मूत्रवाहिनी बाहेरच्या बाजूने उभी चिरून तोंड रुंद करायचं आणि पेल्व्हिसच्या सगळ्यात खालच्या भागाला ६-० किंवा ७-० च्या विरघळणाऱ्या धाग्याने जोडायची. कापण्याआधी मूत्रवाहिनीला खुणेचा टाका घाला. मी घातला नव्हता. जोडताना ती पिळलेली निघाली आणि तीन टाके उसवावे लागले. आतलं अस्तर चिमट्यात धरू नका, नुसतं टोकाने सावरा.

मोठ्या मुलाला अधूनमधून कळा आणि उलट्या होत असतील, मधल्या काळातली सोनोग्राफी जवळपास ठीक असेल, तर किडनीच्या खालच्या टोकाला जाणारी, मूत्रवाहिनीला दाबणारी आडवी रक्तवाहिनी मनात ठेवा आणि कळ असतानाच सोनोग्राफी करा. ती धमनी कापायची नाही, तिच्यावर जगणारा किडनीचा भाग मरतो. जोड तिच्या पुढून घ्यायचा.

नंतरही काही महिने सोनोग्राफीत किडनी फुगलेलीच दिसते. हे आईवडिलांना आधीच सांगा, नाहीतर ऑपरेशन फसलं असं त्यांना वाटतं. डीजे स्टेंट (जोड भरेपर्यंत मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी) साधारण ४ ते ६ आठवड्यांनी काढतात. विसरला तर त्यावर खडे जमतात, म्हणून ती तारीख मी डिस्चार्ज कार्डावर आणि माझ्या वहीत, दोन्हीकडे ऑपरेशनच्या दिवशीच लिहितो.