घातांकाचा नियम आठवेना? घात उलगडून लिहा

घातांकाचे नियम नुसते पाठ केले की ऐन वेळी सरमिसळ होते: बेरीज कुठे, गुणाकार कुठे, तेच सुचत नाही. अशा वेळी छोटी संख्या घ्या आणि घात उलगडून लिहा. २ चा ३ रा घात म्हणजे २×२×२ (इथे २ हा पाया, ३ हा घातांक), ४ था घात म्हणजे २×२×२×२. दोन्हींचा गुणाकार केला की ओळीत एकूण ७ वेळा २ येतो. म्हणून पाया सारखा असेल तर घातांकांची बेरीज, उत्तर १२८. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पायाही गुणून ४ चा ७ वा घात लिहिणे. ते तर १६३८४ झाले! पाया तसाच राहतो, तो किती वेळा येतो एवढेच बदलते.

भागाकारात वजाबाकी. घाताचा घात असेल तर मात्र घातांकांचा गुणाकार, कारण २×२×२ हा अख्खा गटच पुन्हा पुन्हा येतो.

शून्य घातांकाशी बरेच जण अडखळतात. ८, ४, २ (२ चे घातांक ३, २, १) असे दर पायरीला २ ने भागत खाली उतरा: पुढे १ येतो, तोच २ चा शून्यावा घात. त्याखाली १/२, म्हणजे घातांक उणे १. घातांक उणे असला तरी उत्तर उणे झालेले नाही, हे नीट पाहा. आणि ८+१६ (२ चा ३ रा घात अधिक ४ था घात) सारख्या बेरजेत घातांकांना हातही लावू नका.