ट्रेलरचं वायरिंग करताय? या चुका टाळा, आणि ब्रेक कंट्रोलरला लायटरच्या सॉकेटवर तर अजिबात जोडू नका

हुक, बॉल, सेफ्टी चेन यांच्यावर लोक सढळ हाताने खर्च करतात. वायरिंगची वेळ आली की सूर बदलतो. ‘दादा, सातच तर वायरी आहेत, तासाभरात उरकून टाका, संध्याकाळी गंगापूर धरणावर बोट न्यायचीये.’ अशा माणसाला मी सरळ उद्या यायला सांगतो. घाईत केलेलं वायरिंग आठ दिवसांनी माझ्याकडेच परत येतं आणि तेव्हा ते दुप्पट वेळ खातं.

नाशकात ऑटो इलेक्ट्रिकची कामं करणारी चांगल्या हाताची पोरं कमी नाहीत. पण इलेक्ट्रिक ब्रेकवाला ट्रेलर आपल्याकडे रोज येत नाही. त्यामुळे कांद्याच्या ट्रॉलीचा अंदाज कॅराव्हॅनला लावला जातो, नाहीतर अमेरिकेतला व्हिडिओ बघून जशीच्या तशी वायर जोडली जाते. माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक भानगडी यातूनच निघतात.

रंगाला रंग जोडणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आपल्याकडे गोल ७ पिनच्या सॉकेटला जो युरोपियन रंगक्रम वापरतात, त्यात पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, पांढरी अर्थिंग. अमेरिकन पद्धतीतही पिवळी डावी, हिरवी उजवी, पांढरी अर्थिंग. पहिल्या तीन वायरी जुळल्या की माणूस बिनधास्त होतो, आणि इथेच फसतो. कारण पुढचं काहीच जुळत नाही. युरोपियन क्रमात तपकिरी म्हणजे फक्त उजवी टेल लाइट, अमेरिकन क्रमात सगळ्याच टेल लाइट. युरोपियन काळी ही डावी टेल लाइट, तर अमेरिकन काळी बहुतेक वेळा बॅटरीवरून येणारा कायमचा १२ व्होल्ट. आणि निळी? युरोपियन क्रमात मागचा फॉग लॅम्प. अमेरिकन क्रमात ट्रेलरचा इलेक्ट्रिक ब्रेक.

एका गिऱ्हाइकाने छोटा एका अ‍ॅक्सलचा कॅराव्हॅन बनवून घेतला होता. अ‍ॅक्सल आणि ब्रेक अमेरिकन, गाडीकडचं हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) इथलं. जोडणाऱ्याने निळीला निळी जोडून दिली. कंट्रोलर, म्हणजे पेडल दाबल्यावर ट्रेलरच्या ब्रेकला करंट देणारा डबा, नंतर बसवू म्हणून ठेवला होता. उन्हाळाभर गाडी मस्त चालली. पावसाळ्यात हे लोक मुंबईला निघाले, कसारा घाटात नेहमीसारखं धुकं दाटलं आणि साहेबांनी मागचा फॉग लॅम्प लावला. गाडीला मागून कुणीतरी धरून ओढल्यासारखा झटका बसला. त्यांना वाटलं टायर फुटला. बाजूला घेतली, फॉग बंद केला, उतरून बघितलं, सगळं ठीक. पुढे निघाले, परत फॉग लावला, परत तेच, वर जळका वासही. मागून येणारा ट्रक अंतर ठेवून होता म्हणून निभावलं.

झालं असं, की फॉगच्या स्विचमधून ब्रेकच्या मॅग्नेटला (चाकातला ब्रेक लावणारा विजेवरचा चुंबक) सरळ १२ व्होल्ट मिळत होता, म्हणजे पूर्ण ब्रेक. दोन मॅग्नेट मिळून साडेसात-आठ अँपिअर घेतात, फॉगचा फ्यूज १० चा, त्यामुळे तोही उडाला नाही. ज्याने हे जोडलं होतं तो मला फोनवर म्हणतो, ‘पण रंग तर बरोबर होते ना!’

म्हणून माझा नियम आहे, रंग बघायचाच नाही. गाडीकडून एकेक फंक्शन चालू करायचं, टेस्ट लॅम्पने पिन शोधायची, कागदाच्या पट्टीवर लिहून वायरीला चिकटवायची. ट्रेलरकडे बॅटरीची वायर एकेका पिनला लावून काय पेटतं ते बघायचं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून जोडायचं. यात अर्धा तास जातो. ज्याला तेवढाही धीर नाही त्याने ट्रेलर भाड्याने घ्यावा.

आणखी एक. अमेरिकन ४ पिनच्या तयार हार्नेसमध्ये ब्रेक लाइट आणि इंडिकेटर एकाच बल्बवर चालतात. आपल्या गाड्यांचे इंडिकेटर वेगळे असतात. स्वस्त मिळालं म्हणून ते मागवू नका.

अर्थिंग बॉलवर सोडणं

पांढरी वायर कुठे लावायची कळलं नाही की ती ट्रेलरच्या चॅसीला ठोकतात. गाडीकडे वेगळी वायर आणतच नाहीत. करंट बॉल आणि कपलरमधून (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) परत जाईल असा हिशोब. जातोही, दोन्ही लोखंड कोरडं आणि घासलेलं असेपर्यंत.

पिंपळगावहून एक द्राक्षबागायतदार आले होते. ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मिणमिणायचे, डावा इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच्या तालावर नाचायची. बल्ब बदलून झाले, फ्लॅशर बदलून झाला, शेवटी दोन्ही लाइटचे नवे सेट आणले, तरी तेच. मी एकच विचारलं, हे सुरू कधी झालं? तर गाडी धुऊन बॉलला ग्रीस लावलं तेव्हापासून! ग्रीसने परतीचा रस्ता बंद केला आणि करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढू लागला. पेटू नये तो बल्ब मंद पेटत असेल, तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग बघा.

पांढरी वायर ट्रेलरच्या प्रत्येक लाइटपासून प्लगपर्यंत आणि सॉकेटपासून गाडीच्या चॅसीपर्यंत सलग हवी. चॅसीवर जिथे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण) बसवाल तिथला रंग घासून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस. हे ग्रीस आवळल्यानंतर लावायचं, आधी नाही.

इथे मल्टिमीटरवाल्यांना एक सांगतो. वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. मी २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब होल्डरला दोन वायरी लावून वापरतो. पावणेदोन अँपिअर ओढला की कमजोर जोड लगेच उघडा पडतो. फक्त हा बल्ब ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा सेन्सरच्या वायरींना लावू नका, आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना तर हातही नको. बहुतेक गाड्यांत त्या एअरबॅगच्या असतात.

कंट्रोलरला भलतीकडून पॉवर देणं

कंट्रोलरला साधारण चार वायरी येतात. काळी बॅटरी प्लसला, पांढरी अर्थिंगला, लाल ब्रेक पेडलच्या स्विचला, निळी ट्रेलरच्या ब्रेकला. काळीसाठी लोकांना फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर काढायचा कंटाळा येतो. मग डॅशबोर्डखाली हाताला लागेल ती पॉवर घेतात, लायटरचा सॉकेट तर ठरलेलाच. दोन अ‍ॅक्सल, चार मॅग्नेट म्हणजे १५-१६ अँपिअर. लायटरचा फ्यूज बहुधा तेवढाच किंवा त्याहून लहान. आणि हा भार सपाट रस्त्यावर येत नाही. राहुड घाटात भरलेला ट्रेलर मागून ढकलत असतो, तुम्ही जोरात ब्रेक दाबता, तेव्हा येतो. म्हणजे ब्रेकची खरी गरज असते नेमका तेव्हाच फ्यूज उडणार.

काळी थेट बॅटरीवरून आणा. मध्ये आपोआप जोडला जाणारा सर्किट ब्रेकर, एका अ‍ॅक्सलला २० अँपिअर, दोनला ३०. तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. ब्रेकर डॅशखाली लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहिली, ती घासून शॉर्ट झाली तर वाचवणारं कुणी नाही. पांढरीही बॅटरीच्या मायनसपर्यंत नेलेली मला बरी वाटते.

वायर जाड घ्या. १६ अँपिअर ८ मीटर न्यायचे असतील तर दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाताना दीड आणि येताना दीड, असे तीन व्होल्ट वाटेतच संपतात. ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर पाऊण व्होल्ट. पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवून पुढे अर्ध्या इंचाचा पाइप जोडला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेल का? तसंच आहे हे. आणि घरगुती वायरिंगची उरलेली वायर आणू नका, इंजिनाची उष्णता आणि ऑइल तिला सोसत नाही.

लाल वायर पेडल स्विचच्या त्या बाजूला लावायची जी पेडल दाबल्यावरच जिवंत होते. दुसऱ्या बाजूला कायम करंट असतो, तिथे लावलीत तर कंट्रोलरला पेडल सतत दाबलेलंच दिसणार.

बाकीच्या, थोडक्यात

नव्या गाड्यांत लाइटचा कारभार बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, एक छोटा कॉम्प्युटर) बघतो. त्याच्या ब्रेक लाइटच्या वायरीवर ट्रेलरचे दोन बल्ब लटकवले की तो एकतर एरर देतो नाहीतर ती लाइन बंद करतो. रिलेचा डबा लावा, त्याला बॅटरीवरून वेगळी पॉवर द्या.

वायर न कापता वरून दाबून बसवायच्या त्या क्लिपा मी वापरत नाही. त्या धागे कापतात, पाणी आत घेतात, आणि पहिल्या पावसानंतर जोड हिरवा पडतो. थिंबल दाबा, वर गोंदवाली श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती वायर पिळून टेप मारणाऱ्याशी मला बोलायचंच नाही.

फायरवॉलच्या भोकात रबर ग्रोमेट. सायलेन्सरपासून लांब. पिना शोधून झाल्या की, जोडणी सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा.

प्लगची वायर गाडी दोन्हीकडे पूर्ण वळवून मगच बांधा. तोकडी असेल तर तुटते, लांब असेल तर रस्त्यावर घासते.

ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालतो. ती चार्ज होण्याची सोय केलीत का? बहुतेकांनी केलेली नसते.

कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागावा ते सेटिंग, दुकानात बसून ठरत नाही. ट्रेलर भरून मोकळ्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगात हाताच्या लिव्हरने ब्रेक द्या, गेन वाढवत जा, चाकं अडायला लागली की थोडा मागे घ्या. रिकाम्या ट्रेलरवर लावलेला गेन भरलेल्या ट्रेलरला पुरत नाही. आणि पहिल्या घाटानंतर थांबाल तेव्हा प्लग, ब्रेकर आणि अर्थिंगचा थिंबल हाताने चाचपून बघा. जो गरम लागेल तो जोड सैल आहे, तिथेच आवळून पुढे निघा.