दोन गाण्यांच्या मध्ये बोलायचं काम

"आवाज चांगला आहे म्हणतात सगळे, रेडिओत कसं शिरायचं?" असं विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. मी उलट विचारते, काल ऐकलेलं एखादं गाणं सांग, त्याचा गीतकार कोण, संगीतकार कोण? बहुतेकांची गाडी गायकापाशी अडते. संगीताचं निवेदन करायचं असेल तर अभ्यास इथून सुरू करा, आवाजाचं नंतर बघू.

आकाशवाणीचं दार अजून किलकिलं आहे. केंद्राला गरज लागली की नैमित्तिक, म्हणजे लागेल तसं बोलावल्या जाणाऱ्या उद्घोषकांसाठी जाहिरात निघते. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, निवड झाल्यावर 'वाणी' नावाचं उद्घोषणेचं प्रशिक्षण आणि मग पॅनेलवर, म्हणजे बोलावायच्या यादीत नाव. चाचणीत आयत्या वेळी उतारा हातात देतात. ण-न, श-ष तिथे लगेच उघडे पडतात, पण म्हणून गावाकडच्या बोलीची लाज बाळगू नका. अमीन सयानींची सुरुवात इंग्रजी कार्यक्रमांतून झाली होती; १९५२ पासून रेडिओ सिलोनवर देशाला वेड लावणारी ती हिंदी त्यांनी कमावलेली होती. भाषा कमावता येते. पॅनेलवर आलात तरी महिन्याला जेमतेम सहा ड्युट्या मिळतात, तेव्हा हातातली नोकरी सोडू नका. मीही शिकवण्या चालू ठेवल्या होत्या.

शिकायला मात्र आकाशवाणीहून चांगली जागा नाही. 'आपली आवड'सारख्या फर्माइशींच्या कार्यक्रमात चित्रपट, गीतकार, संगीतकार, गायक, सगळी नावं द्यायची शिस्त असते आणि श्रोते तुमच्यापेक्षा पक्के असतात. सुमन कल्याणपूरांचं गाणं लताबाईंच्या नावावर घातलंत तर फोन आलाच म्हणून समजा. 'साधी माणसं' चित्रपटाचं संगीत आनंदघन यांचं, एवढं बरोबर सांगूनही भागत नाही. आनंदघन म्हणजे खुद्द लता मंगेशकर, हे पुढचं वाक्य ऐकून स्वयंपाकघरातला माणूस हातातलं काम थांबवतो. असे कण साठवायला एक वही करा. फोनमध्ये नको, वहीच. (हे माझं खूळ आहे, पण ऐनवेळी तीच सापडते.)

खासगी एफएमचं गणित वेगळं. गाणी आरजे निवडतो हा गोड गैरसमज आहे. यादी संगीत विभाग लावतो, ती आधीच संगणकात असते. तुमच्या वाट्याला येतात मधल्या लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या. बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची तेवढी मुभा आहे. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल चालतात. खरी कसरत गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतावर बोलताना होते. समजा अठरा सेकंदांचा तुकडा आहे. डोळे पडद्यावरच्या उलट मोजणीवर, बोट फेडरवर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी), आणि गायकाचा पहिला शब्द यायच्या आत तुमचं वाक्य संपून गाण्याचा आवाज वर गेलेला हवा. वाक्य गाण्यावर सांडलं की ऐकणाऱ्याला ते खड्यासारखं लागतं. म्हणून आधी शेवटचं वाक्य ठरवा, मग मागे मोजत या. घरी मोबाइलवर गाणं लावून सराव करता येतो.

टीव्हीवर जायची घाई नको. झी टीव्हीवर १९९५ साली 'सा रे ग म' सुरू झालं, तेव्हा सूत्रसंचालनाला सोनू निगमसारखा गाता गळा होता. मराठी 'सा रे ग म प'मध्ये पल्लवी जोशींनी मुलांना ज्या मायेनं सांभाळलं, तेही पाहण्यासारखं आहे. आता तर वाहिन्यांना बहुतेकदा ओळखीचा चेहराच हवा असतो. काम मिळालंच तर कानातल्या यंत्रात नियंत्रण कक्षातून "वेळ काढ, परीक्षकांकडे जा" चालू असतं आणि समोर रडवेला स्पर्धक उभा असतो. दोन्ही ऐकत तिसरंच बोलायचं. त्यात एकाच दिवसात एकाहून जास्त भागांचं चित्रीकरण. शेवटच्या भागातही चेहरा सकाळचाच दिसायला हवा.

पैशाबद्दल संकोच करू नका. मानधन, तारखा, पुनःप्रसारण हे सगळं आधी लेखी घ्या. एका निर्मिती संस्थेनं माझे पैसे इतके लांबवले, की मागायचीच लाज वाटू लागली.

आवाजाचा नमुना पाठवाल तेव्हा दोन मिनिटांच्या वर नको. मागे संगीत नको, कुणाची नक्कल तर नकोच. एक जुनं गाणं, एक या वर्षातलं, दोन्हींची ओळख तुमच्या रोजच्या बोलण्यातल्या आवाजात. फाइलला स्वतःचं नाव द्या. 'नवीन रेकॉर्डिंग ३' नावाची फाइल कुणी उघडत नाही.