प्लास्टरनंतरचं वाढतं दुखणं: कंपार्टमेंट सिंड्रोम घरच्यांनी कसा ओळखावा

नडगीचं हाड मोडलं, प्लास्टर झालं, पेशंट घरी आला आणि रात्री कळवळू लागला. अशा वेळी “हाड मोडलंय, दुखणारच” म्हणून आणखी एक गोळी देऊन झोपवू नका. हाड जागेवर बसवून स्थिर केलं की दुखणं तासातासानं उतरायला हवं. ते चढत असेल, तर कारण शोधायलाच हवं.

हातापायाचे स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत असतात. आत सूज किंवा रक्त साचलं की कप्प्यातला दाब वाढतो आणि आधी बारीक रक्तवाहिन्या दबतात. हाच कंपार्टमेंट सिंड्रोम. मोठी धमनी तेव्हाही वाहत असते. म्हणून “नाडी लागतेय, काळजी नको” हा सल्ला कोणी दिला तरी मानू नका. नाडी बंद पडेपर्यंत स्नायू बहुधा गेलेला असतो.

धोका जास्त कुणाला? नडगी मोडलेल्यांना, मनगट ते कोपरातली दोन्ही हाडं मोडलेल्यांना, कोपराच्या वर हाड मोडलेल्या लहान मुलांना. यंत्रमागाच्या पट्ट्यात हात चेंगरला असेल तर हाड शाबूत असूनही हे होतं. हाडवैद्याच्या कामट्या घट्ट आवळल्यानंही होतं. पहिले ४८ तास डोळ्यांत तेल घालून बघा.

आता खरी तपासणी. बहुतेक घरांत इथेच चुकतं. नातेवाईक म्हणतात, “बोटं हलव बघू.” पेशंट हलवतो आणि सगळे निर्धास्त होतात. सुरुवातीला बोटं हलतातच! बोटं तुम्ही हलवायची. पेशंटला पाय पूर्ण सैल सोडायला सांगा. पायाचा अंगठा चिमटीत धरून हळूच खाली वाकवा, मग वर; बाकीच्या बोटांचंही तसंच. खाली वाकवताना नडगीच्या पुढच्या स्नायूंना ताण बसतो, वर करताना पोटरीतल्या खोल स्नायूंना. हाताचं प्लास्टर असेल तर मिटलेली बोटं एकेक करून सरळ करा. बोट धरलंय तिथे दुखणं वेगळं. बोट हलवताच प्लास्टरच्या आत, पोटरीत किंवा मनगटावरच्या स्नायूंत जीवघेणी कळ येत असेल, तर ती धोक्याची खूण.

मोडक्या हाडाशेजारचा स्नायू ताणल्यावर थोडं दुखणारच, त्यामुळे एका तपासणीवर सगळं ठरत नाही. दर दोन तासांनी, शक्यतो एकाच माणसानं तपासावं आणि वेळ लिहून ठेवावी. मघापेक्षा कळ वाढली किंवा गोळीचा असर आधीपेक्षा लवकर संपू लागला, की निघा.

या तपासणीला दोन ठिकाणी फसायला होतं. पेशंट बधिर केलेला, दारू प्यायलेला किंवा शुद्धीवर नसेल तर दुखणं कळतच नाही. आणि भयंकर दुखणं एकदम थांबून बोटं बधिर झाली, तर तो आराम समजू नका. नस निकामी होत असते. पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या बेचक्यात, पेशंटचे डोळे मिटवून, स्पर्श कळतो का ते बघा.

लहान मूल नीट सांगत नाही. ते अस्वस्थ होतं, समजूत घालूनही रडतं, पुन्हा पुन्हा औषध मागतं.

शंका आली की डॉक्टरांना फोन लावा. स्लॅब (एका बाजूनंच घातलेलं, वरून बँडेज गुंडाळलेलं अर्धं प्लास्टर) असेल तर त्यांना विचारून क्रेप बँडेज आणि आतला कापूस कातडीपर्यंत उघडा. स्लॅबचा आधार तसाच राहू द्या. पूर्ण प्लास्टर घरी कापू नका. पाय हृदयाच्या पातळीला ठेवा. उशांवर उंच केला तर स्नायूंना आधीच कमी पडणारं रक्त आणखी घटतं. बर्फ, मालिश नको. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून तोंडावाटे काही देऊ नका.

सुमारे ६ तासांत स्नायूंचं कायमचं नुकसान होऊ लागतं आणि प्रवासही त्यातच जातो. करमाळा, सांगोला, अक्कलकोटहून सोलापूर गाठायचं तर सकाळची एसटी बघू नका. १०८ ला फोन करा. रात्री हाडांचे सर्जन आणि ऑपरेशन थिएटर कुठे मिळेल, ते निघतानाच विचारा. पोचल्यावर “कंपार्टमेंट सिंड्रोमची शंका आहे” हे शब्द, दुखणं कधी वाढलं आणि शेवटची गोळी कधी दिली ते सांगा. तिथे प्लास्टर नुसतं वर चिरून भागत नाही, आतला कापूसही पूर्ण लांबीत कापावा लागतो.

तेवढ्यानं दुखणं उतरलं नाही तर फॅशिओटॉमी, म्हणजे कप्प्यांचे पडदे चिरून दाब मोकळा करण्याचं ऑपरेशन. गुडघ्याखालच्या पायात चार कप्पे. ते मोकळे करायला बहुधा दोन लांब चिरे देतात आणि जखम काही दिवस उघडी ठेवतात. नंतर टाके घालतात किंवा कातडी लावतात. जखम बघून नातेवाईक हादरतात, सहीला टाळाटाळ करतात. हाताच्या बाबतीत त्या उशिरातून बोटं कायमची आकडतात; जर्मन सर्जन फोल्कमन यांनी १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

ऑपरेशननंतर लघवीवर लक्ष ठेवा. ती कोऱ्या चहासारखी गडद झाली तर लगेच नर्सला सांगा; मेलेल्या स्नायूंतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतंय.