शिळेवर १९१९ कसे? पहिल्या महायुद्धावर लिहिताना या चुका टाळा

साताऱ्याकडे किंवा कोकणात एखाद्या गावी चावडीपाशी जुनी शिळा दिसते : या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले. पहिल्यांदा असा मजकूर उतरवून घेताना मला ती पाथरवटाची चूक वाटली आणि मी वहीत बिनदिक्कत १९१८ लिहिले. चूक माझीच होती.

११ नोव्हेंबर १९१८ ला झाला तो युद्धविराम. तोफा थंडावल्या, पण जर्मनीशी तह झाला तो व्हर्सायला, २८ जून १९१९ रोजी. तुर्कस्तानचा हिशेब मिटायला तर १९२३ चा लोझानचा तह यावा लागला. म्हणून शिळेवरचा मजकूर ‘सुधारून’ घेऊ नका. आहे तसा उतरवा.

दुसरी चूक बोस्नियातल्या सारायेव्होच्या हत्येची, जिच्यावरून युद्धाची ठिणगी पडली. तिथे २८ जून १९१४ ला मारला गेला तो ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड, सम्राट नव्हे. म्हातारे सम्राट फ्रान्झ जोसेफ त्यानंतर दोन वर्षांहून अधिक जगले. शिवाय गोळी सुटली आणि युद्ध पेटले, असेही झाले नाही. ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडला तो २३ जुलैला, युद्ध पुकारले २८ जुलैला. मधला महिना गाळला, तर कोणाला हे थांबवता आले असते हा प्रश्नच उरत नाही. ४ ऑगस्टला ब्रिटन उतरले, आणि त्याच्यामागे, कोणी न विचारता, हिंदुस्थान.

दोन चुका भराभर सांगतो. इटली त्रिराष्ट्र करारात जर्मनीबरोबर होती, पण १९१५ साली लढायला उतरली ती दोस्तांकडून. आणि रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या दिनदर्शिकेने ७ नोव्हेंबर १९१७ ची. तिथली जुनी कालगणना १३ दिवस मागे होती.

मला सर्वात खटकते ते मात्र चित्रांचे. लेख मराठा पलटणींवर आणि शेजारी फ्रान्समधल्या चिखलाच्या खंदकांचा फोटो! या पलटणी मुख्यतः लढल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. मराठा पलटणी जिच्यात होत्या ती हिंदी लष्कराची पुणे डिव्हिजन टायग्रिसकाठच्या कुट अल-अमारात डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली, घोड्याचे मांस खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. शिपायांची वाळवंटातून पायपीट झाली आणि त्यांतले हजारो परतलेच नाहीत.

घरच्या पेटीत पणजोबांचे पदक असेल तर आधी घासूनपुसून चकचकीत करायला जाऊ नका. भिंग घ्या, कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, ती वाचा. मग येतो खरा घोळ. १९२२ मध्ये मराठा पलटणींचे क्रमांक बदलले : १०३ नंबरची पहिली झाली, १०५ ची दुसरी, ११७ ची पाचवी. पण घरात ‘काळी पाचवी’ असे ऐकले असेल, तर ११७ च्या मागे लागू नका. काळी पाचवी म्हणजे १०५. १९०३ पूर्वी ती मुंबई लष्कराची पाचवी पलटण होती, आणि आकडा दोनदा बदलला तरी शिपायांच्या तोंडी जुनेच नाव राहिले.